तिसरी लाल वायर

६ जानेवारी, सोम.

कुलूप सात वेळा ओढून पाहिलं. सहाव्याला आई जिन्यातून म्हणाली, "सुहास, चोराच्या आधी तूच तोडशील ते." मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सात. वाघोलीहून सुटणारी बस गेली. ऑफिसला अकरा मिनिटं उशीर.

कुलकर्णी सर (आमचे सर्व्हिस मॅनेजर) म्हणाले, "या. लिफ्ट बंद होती वाटतं." सगळे हसले. मीही हसलो.

नव्या वर्षाची सर्व्हिसची यादी मिळाली. कर्वेनगरची ती सोसायटी माझ्याकडे आली आहे. वर्षभर दुसऱ्याकडे होती, तो नोकरी सोडून गेला. सरांना नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

९ जानेवारी, गुरु.

कर्वेनगरला जाऊन आलो. सेक्रेटरी खालीच भेटले. "तुम्ही नवीन का? आमच्याकडे लिफ्टने माणसं वर न्यायची असतात. पाडायची नसतात. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे." मी हो म्हटलं. मी नवीन नाही हे त्यांना आठवलं नाही. हेल्पर म्हणून येऊन गेलेल्याचा चेहरा कोण लक्षात ठेवतं.

तिसऱ्या मजल्यावर दाराचा कॉन्टॅक्ट साफ करत होतो. शेजारच्या फ्लॅटची बेल कुरिअरवाल्याने वाजवली. आतून वॉकरचा आवाज. टक. मग थांबणं. मग पाय घासल्याचा आवाज. मग पुन्हा टक. कुरिअरवाल्याने दोनदा मोबाइलमध्ये वेळ पाहिली. दार उघडायच्या आत मी हत्यारं उचलून चौथ्यावर गेलो.

मशीन रूममध्ये पॅनेल उघडलं. आत काही नाही. दहा वेळा पाहिलं. काही नाही.

१२ जानेवारी, रवि.

उपासना. सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना संपवून आमेन म्हणतात तेव्हा माझी दुसरी फेरी चालू असते. एखाद्या ओळीला मन दुसरीकडे गेलं तर ती फेरी धरायची नाही, असा नियम आहे. माझाच. पप्पा असताना म्हणायचे, देव सगळं बघतो. त्यांनी ते प्रेमाने म्हटलं असेल. मला तेव्हापासून देव म्हटलं की परीक्षेच्या हॉलमध्ये बाकांमधून फिरणारे सर डोळ्यांपुढे येतात.

विल्सनदादा (पुढे वि.दा.) पुढच्या बाकावर होते. पूर्ण वेळ त्यांची मान बघत होतो. पप्पा गेले, आयटीआय अर्धं सुटलं, तेव्हा यांनीच मला कामाला लावलं. टेस्टर कसा धरायचा इथपासून शिकवलं. लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून त्यांना बेअरिंग गेलेलं कळायचं. आता नारायण पेठेतल्या एका हॉस्पिटलात लिफ्टमन आहेत. स्टुलावर बसून बटणं दाबतात.

बाहेर पडताना म्हणाले, "काय सुहास, जेवण जातंय ना?" जातं म्हणालो.

१५ जानेवारी, बुध.

सुनंदामावशींकडे प्रार्थनासभा. मावशी महापालिकेच्या शाळेत बाई होत्या, निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, पण डोळे तसेच. सगळे डोळे मिटून बसलेले असताना मी बोटांच्या पेरांवर मोजत होतो. सभा संपल्यावर चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "किती झाल्या?"

"चार."

"आणि सुटका कितीला?"

"सात."

"कानाला यंत्र मी लावते रे. तो नाही लावत. त्याला एकदा म्हटलेलं ऐकू येतं."

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. घरी येऊन सातच केल्या.

२२ जानेवारी, बुध.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तरुणांपैकी कोणीतरी साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. मावशींनी माझं नाव दिलं. म्हणाल्या, लिहून आण आणि वाच, तुझं अक्षर तरी सार्थकी लागेल. नाही म्हणायला तोंड उघडलं तर पास्टर म्हणाले, छान.

२५ जानेवारी, शनि.

साक्ष लिहायला बसलो. चार ओळींच्या पुढे जाईना. या वहीत वर्षभर जे लिहिलं नाही ते आधी लिहावं लागणार असं दिसतं. क्रमाने लिहितो. काही माहीत नसलेल्या माणसाला सांगावं तसं.

गेल्या फेब्रुवारीत कर्वेनगरची लिफ्ट बंद पडली. जुनी, जाळीच्या दाराची. कुठल्यातरी मजल्यावर दाराचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार बंद झाल्याचं लिफ्टला कळवणारा स्विच, लागत नव्हता. वि.दा. मजल्यांवर. मी हेल्पर, गच्चीवर मशीन रूममध्ये. बिघाड शोधताना पॅनेलमध्ये जंपर लावतात. जंपर म्हणजे लाल वायरचा तुकडा. तो लावला की दार उघडं असलं तरी लिफ्टला बंद वाटतं. काम झालं की काढायचा. राहिला तर लिफ्ट उघड्या दाराने चालते.

वि.दां.चा नियम असा की जंपर हातभर लांब हवा आणि पॅनेलच्या बाहेर लोंबत राहायला हवा. "घाणेरडा दिसला पाहिजे. घाणेरडी गोष्ट माणूस विसरत नाही." मला लोंबणाऱ्या वायरी बघवत नाहीत. मी वीतभर लांबीचे तीन तुकडे कापून घेतले होते, टोकं सोलून त्यांना कथिल लावलेलं. त्या दिवशी दोन लावले. त्यातला एक सारखा निसटत होता, म्हणून बाकीच्या वायरींच्या जुडग्यात घालून त्याला प्लॅस्टिकचा टाय मारला आणि टायचं शेपूट कापून टाकलं. छान दिसत होतं.

वि.दां.नी खालून फोनवर विचारलं, "जंपर काढले?" मी म्हटलं, "काढले." एक काढला होता. लिफ्ट नीट वरखाली झाली. त्यांनी लॉगबुकात सही केली.

अकरा दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये शिरत होत्या. एक पाय आत. खालून कोणीतरी बटण दाबलं. दार उघडं असताना लिफ्ट निघाली. आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

चौकशीत पॅनेलमध्ये जंपर सापडला. वि.दा. एवढंच म्हणाले, "सही माझी, जबाबदारी माझी." मला कोणी काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या जागेवर मला टेक्निशियन केलं.

(अजून एक गोष्ट आहे. ती आज नाही.)

२६ जानेवारी, रवि.

उपासनेनंतर जिलेबी. झेंडावंदन होतं. वि.दां.नी माझ्या प्लेटमध्ये स्वतःची एक टाकली. त्यांना शुगर आहे म्हणे. हे मला माहीत नव्हतं.

२ फेब्रुवारी, रवि.

साक्ष दिली. दोन पानं, कुठे खाडाखोड नाही. लहानपणापासून मला भीती वाटायची, कुलूप, गॅस, सगळं सात वेळा बघायचो, पण प्रभूने भीती काढून घेतली, आता मी मोकळा आहे. असं वाचलं. वाचताना आवाज कापला तर लोकांना ते भरून येणं वाटलं. पास्टरांनी खांद्यावर हात ठेवला. दोन बायकांनी डोळे पुसले. आईनेही. मला उठून पळावंसं वाटत होतं.

वि.दां.नी हात मिळवला. म्हणाले, "नीट बांधलंस सगळं." आणि चपला घालायला गेले.

नीट बांधलंस. म्हणजे काय म्हणायचं होतं त्यांना.

घरी आल्यावर गॅस चौदा वेळा.

५ फेब्रुवारी, बुध.

सभेला गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. हेही खोटं.

११ फेब्रुवारी, मंगळ.

वाघोलीतल्या नव्या टॉवरचं काम. लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, स्टॉपचं बटण दाबून खात्री करायची, मग खालच्याला हाक द्यायची. बटण दाबलं. खात्री केली. पुन्हा केली. हाकच देववेना. टपावर अंधारात उभा राहून प्रार्थना म्हणत होतो, आणि ओळ चुकली की पहिल्यापासून. प्रार्थना म्हणजे आता माझ्याकडचं अजून एक कुलूप झालं आहे.

लिफ्ट पाऊण तास जास्त बंद. चौदाव्या मजल्यावरच्या बाई किराण्याच्या पिशव्या घेऊन जिना चढल्या आणि त्यांनी ऑफिसला फोन केला. कु.सर म्हणाले, "तू लिफ्ट दुरुस्त करतोस की तिची समजूत काढतोस?" पुढच्या वेळी लेखी ताकीद.

१९ फेब्रुवारी, बुध.

मावशींकडे गेलो. सभा नव्हती, शिवजयंतीची सुट्टी, ढोल ऐकू येत होते. त्यांनी यंत्र काढून ठेवलं होतं. बरं झालं म्हणून मी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला, यंत्र शोधलं, कानात घातलं. मग म्हणाल्या, "आता बोल. ऐकू न येणाऱ्या माणसाला सांगितलेलं मोजत नाहीत."

मी म्हटलं, साक्ष खोटी होती.

"ते कळलं. खऱ्या साक्षेत माणूस एवढा नटत नाही."

पुढचं सांगायला लागलो. एक माणूस आहे, माझ्यामुळे त्याचं, असं. त्यांनी थांबवलं. "मला नको सांगूस. ज्याचं आहे त्याला सांग. मला सांगून तुला हलकं वाटेल आणि मग तू जाणारच नाहीस. मी प्रार्थना करते तुझ्यासाठी. एकदाच करीन."

२ मार्च, रवि.

वि.दा. आले नव्हते. रविवारची ड्यूटी लागली होती म्हणे. त्यांच्या जागी कोणीच बसलं नाही. ती रिकामी जागा मानेपेक्षा वाईट.

९ मार्च, रवि.

उपवासकाळाचा पहिला रविवार. पास्टरांनी बायबलमधला बागेतला भाग घेतला. पहिला माणूस चूक करतो आणि झाडांमागे लपतो, भीती वाटली म्हणून. देव त्याला हाक मारतो, कुठे आहेस. पास्टर म्हणाले, आपण ही हाक लहानपणापासून पोलिसाच्या आवाजात ऐकत आलो. झाडामागे कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं का? ती हाक शोधून काढायला नाही, बाहेर बोलवायला आहे. चूक त्याला आधीच ठाऊक आहे. माणूस हवाय.

चूक आधीच ठाऊक आहे. हे मी कितीतरी वर्षं घाबरून म्हणत आलो. आज तेच वाक्य वेगळं ऐकू आलं. मग मी सात वेळा कोणाला सांगत होतो? आणि काय सांगत होतो? एकदाही ते तर सांगितलं नाही.

बाकावर बसून सांगितलं. मनातच, शब्द न निवडता. शेवटही नीट झाला नाही. मध्येच सगळे गीताला उभे राहिले.

१३ मार्च, गुरु.

आज होळी, उद्या सुट्टी. शनिवारी अर्धा दिवस. वि.दां.ची ड्यूटी दुपारी तीनपर्यंत असते. हे मी विचारून घेतलं नाही, मला आधीपासून माहीत आहे. दोनदा त्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन आलो आहे. यापूर्वी लिहिलं नाही.

१५ मार्च, शनि.

नारायण पेठ. लिफ्टचं दार उघडलं, वि.दा. स्टुलावर. "कोणाला बघायला आलास? कितवा?"

"तुम्हालाच."

"मग आत ये. दार अडवू नकोस."

आत गेलो. लिफ्टमध्ये सांगायचं असं ठरवलं नव्हतं, पण खाली बोलावलं असतं तर ते आले नसते किंवा मी पळालो असतो. पहिला मजला येईपर्यंत म्हणालो, कर्वेनगरचा जंपर मी लावलेला. दुसरा राहिला. काढले म्हणून सांगितलं ते खोटं होतं. दुसऱ्यावर एक बाई डबा घेऊन आत आल्या. गप्प. चौथ्यावर त्या उतरल्या. वि.दां.नी दार लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढे."

मग ती गोष्ट सांगितली, जी २५ जानेवारीला लिहिली नाही. इथे लिहितो. त्या दिवशी घरी येऊन मी सवयीप्रमाणे पिशवीतलं सामान मोजलं. लाल वायरी दोनच होत्या. तीन हव्यात. म्हणजे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. फोन हातात घेतला होता. काढले असं सांगून झालं होतं, आता नाही काढले कसं म्हणणार. दादा काय म्हणतील. मग गच्चीवर पडली असेल असं स्वतःला सांगितलं. अकरा दिवस रोज सांगितलं. कुलूप सात वेळा बघणं त्या अकरा दिवसांत सुरू झालं. त्याआधी तीन वेळा बघायचो.

हे सांगताना लिफ्ट तळमजल्यावर आली. स्ट्रेचर. मी कोपऱ्यात चिकटलो. पेशंटच्या मुलीने विचारलं, ऑपरेशन थिएटर कितव्यावर. वि.दां.नी नेहमीच्या आवाजात सांगितलं. स्ट्रेचर बाहेर जाईपर्यंत दार हाताने धरून ठेवलं. मग दार लावलं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली. हे त्यांनी करायला नको होतं. एरवी त्यांनी कधीच केलं नसतं.

"जंपर तुझा होता हे मला चौकशीच्या दिवशीच कळलं," ते म्हणाले. "टाय बघून. माझ्या हाताला इतकं सुबक बांधता येत नाही."

मग मला का नाही. मी एवढंच म्हणू शकलो.

"सही माझी होती. वर येऊन डोळ्यांनी बघायचं, ते मी फोनवर विचारलं. गुडघा दुखत होता म्हणून. ती चूक माझीच. पण संध्याकाळी तुला कळलं होतं, हे मला माहीत नव्हतं."

वरून कोणीतरी बेल वाजवत होतं.

"वर्षभर वाट बघितली मी तुझी. दर रविवारी वाटायचं, आज येईल. त्या दिवशी साक्ष द्यायला उभा राहिलास, वाटलं आता बोलेल. आणि तू काय वाचलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. तसाच होता. "माफ केलं असं रोज म्हणतो मी. काही दिवस लागू पडतं, काही दिवस नाही. आज नाही पडणार. उतर आता, लोक खोळंबलेत."

तिसऱ्यावर उतरलो. दार लावताना म्हणाले, "आलास ते बरं केलंस." जाळीतून म्हणाले. लिफ्ट वर गेली.

जिन्याने खाली आलो. हॉस्पिटलबाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. भूक लागली. दोन वडापाव खाल्ले.

१६ मार्च, रवि.

आईला सांगितलं. ती पोळपाट पुसत होती, पुसतच राहिली. वसतिगृहाच्या मेसमध्ये रोज दीडशे पोळ्या लाटते, घरी आल्यावर पोळपाट हातात घेत नाही. आज का घेतला होता कोण जाणे.

"म्हणजे आता परत हेल्पर?"

"कदाचित तेही नाही."

"विल्सनला मी किती बोलले होते त्या वेळी. एवढं शिकवून शेवटी निष्काळजीपणा केला म्हणाले. तू समोर बसून ऐकलंस."

"हो."

मग म्हणाली, "मला वर्षभर वाटत होतं तुला काहीतरी आजार आहे." आणि जेवायला वाढलं.

१७ मार्च, सोम.

कु.सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"चर्चमध्ये वगैरे काही झालं का?"

"हो सर."

"मग तिथेच सांगायचं ना. त्यांच्याकडे फाईल नसते. आमच्याकडे असते आणि ती बंद झालीय."

त्यांनी समजावलं. माणूस म्हणून वाईट नाहीत ते. सोसायटीचं आणि आपलं मिटलं आहे. आजी चालतात. विल्सनला दुसरं काम आहे. तू चांगला टेक्निशियन आहेस, जरा मंद आहेस. उघडून काय मिळणार? सगळं ऐकताना आतून कोणीतरी म्हणत होतं, बघ, साहेबच नको म्हणतात. मोठी गोड भीती ती. तिच्या हातात परवानगीचा कागद होता.

मी तोंडी सांगितलेलं लिहून देतो म्हणालो.

"दे. तू काय, मोत्यासारखं लिहिशील."

२१ मार्च, शुक्र.

पत्र दिलं. एक पान. जंपर कोणी लावला, टाय कोणी मारला, संध्याकाळी कोणाला कळलं. विल्सन साळवे यांनी विचारलं होतं आणि त्यांना खोटं सांगितलं गेलं, हे वाक्य वेगळं. प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यायची आहे हेही लिहिलं.

सरांनी वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. "दोन आठवडे इथे राहील. मागितलंस तर परत देईन, काही विचारणार नाही. चार एप्रिलला वर पाठवीन."

२६ मार्च, बुध.

सभेत वि.दा. आले होते. माझ्यापासून दूर बसले. मावशींनी साक्ष मागितली तर कोणी उठेना. मी उठलो आणि म्हणालो, मागची खोटी होती. भीती गेलेली नाही. एका माणसाचं नुकसान करून मी गप्प बसलो, त्याला सांगितलं आहे, अजून बाकी आहे. नाव नाही घेतलं. बसलो. कोणी डोळे पुसले नाहीत. कोणीतरी खोकलं. वि.दा. खाली बघत होते.

चहाच्या वेळी मावशी म्हणाल्या, "आज नटला नव्हतास."

१ एप्रिल, मंगळ.

ड्रॉवर. दिवसभर ड्रॉवर. सरांच्या केबिनवरून चार वेळा गेलो. एकदा आत जाऊन सुट्टीचा अर्ज विचारला. त्यांनी ड्रॉवरकडे हात नेला, मी अर्ज म्हणालो, त्यांनी हात वरच्या ट्रेकडे नेला. दोघांनाही कळलं.

जुने छोटे जंपर कात्रीने कापून टाकले. नवीन केले, हातभर लांब, टोकाला कापडाची चिंधी. पिशवीतून शेपटासारखे बाहेर येतात. बघवत नाही. तसेच ठेवले.

४ एप्रिल, शुक्र.

मागितलं नाही. संध्याकाळी सर म्हणाले, "पाठवलं बुवा तुझं." आणि मग, "घरी कोण कोण असतं?" आई म्हणालो. त्यांनी मान हलवली.

सोसायटीची प्रत सेक्रेटरींच्या पेटीत टाकली.

६ एप्रिल, रवि.

प्रभूची प्रार्थना. मध्ये एका ओळीला मन आईच्या मेसकडे गेलं. परत आलं. पुढची ओळ म्हटली. मंडळींबरोबर आमेन झालं.

बाजूच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, कारण मी नंतर काही पुटपुटत नव्हतो.

१४ एप्रिल, सोम.

वरून उत्तर आलं, सरांनी सुट्टीच्या दिवशी फोन करून सांगितलं. चौकशी पुन्हा होणार. तोपर्यंत मी साइटवर जायचं नाही. विल्सनला जबाब द्यायला बोलावतील. त्यांना परत घेतील का, विचारलं. "ते मला विचारू नकोस. तुझ्याबद्दलही विचारू नकोस." मग, "हत्यारांची पिशवी उद्या जमा कर. जंपरसकट."

वि.दां.ना कळवलं. म्हणाले, "जबाबात खरं तेच सांगणार. माझंही. गुडघ्याचं."

"हो दादा."

"तुझं काय होईल ते मला माहीत नाही."

"मलाही नाही."

"भीती वाटते?"

हो म्हटलं. ते म्हणाले, "दोनदा बघावं माणसाने. ते काम असतं. त्याच्या पुढचं देवावर सोड. तिथे तुझं काम नाही." टपावर उभं राहायला शिकवताना बोलायचे त्या आवाजात. वर्षभर तो आवाज ऐकला नव्हता.

१८ एप्रिल, शुक्र.

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). तीन तासांची उपासना. वि.दा. माझ्याच बाकावर होते, मध्ये दोन माणसांची जागा सोडून.

आजींना अजून सांगितलेलं नाही. पत्र ऑफिसला गेलं, सोसायटीला गेलं. हाड ज्यांचं मोडलं त्यांना नाही.

१९ एप्रिल, शनि. सकाळ

कर्वेनगर. तिसरा मजला. जिन्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे.

येताना बसमध्ये लक्षात आलं, कुलूप ओढून पाहिल्याचं आठवतच नाही. लावलं असेल. उतरलो नाही.

खाली सेक्रेटरी भेटले. म्हणाले, "पत्र वाचलं. आजींना मी सांगितलेलं नाही, ते काम तुमचं. शुद्धलेखन मात्र उत्तम आहे." मग लिफ्टकडे बोट दाखवून, "चालू आहे हो." मी जिन्याने आलो.

प्रार्थना एकदा म्हटली, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये. पोलिसाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

भीती गेली का? नाही. हात ओले आहेत, या पानाला डाग पडला आहे. पण ती आता दिसते आहे. कशातही बांधून ठेवलेली नाही.

आजी ओरडतील. किंवा रडतील. किंवा दार लावून घेतील. पोलिसांत जातील. चहा विचारतील, ते सगळ्यात कठीण जाईल. यातलं काय होईल ते मला माहीत नाही आणि कितीही वेळा तपासून कळणार नाही.

बेल वाजवली. एकदाच.

आत टक. थांबणं. पाय घासल्याचा आवाज. पुन्हा टक. आजींना वेळ लागतो, म्हणून एवढं लिहून झालं. मोजत नाही.

दाराच्या आतून आवाज आला, "कोण आहे?"

वही ठेवतो. नाव सांगायचं आहे.